उजव्या हाताची अक्षरं

९ जानेवारी

चिकट्या,

ही बातमी फोनवर सांगता येणार नाही. फोन ह्यांच्या उशाशी आहे, आणि ह्यांच्यासमोर ह्यांच्याविषयी बोललेलं ह्यांना आवडत नाही. ते मला कसं कळलं म्हणशील, तर ह्यांनीच सांगितलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून ज्या माणसाच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता, तो गेला महिनाभर माझ्याशी बोलतोय. मुद्दामच तुला कळवलं नाही. तू धावत येशील आणि सगळं उसवून बघशील, ही धास्ती होती.

दवाखान्यातल्या एका बाईच्या ओळखीने मी एका शिक्षिकाबाईंकडे गेले. त्या आधारलेखन शिकवतात. पलंगावर मुळाक्षरांचा तक्ता उभा करायचा, आजाऱ्याचा हात मनगटाशी धरायचा आणि नुसतं वजन पेलायचं. बोट आपलं आपण अक्षरांवर जातं. आधी बाईंनी हात धरला, मग मला शिकवलं. बाई म्हणाल्या, बायकोच्या हाताला लवकर जमतं, आणि तसंच झालं. उजवाच हात धरते. सगळ्या रेडिओंच्या तारा ह्यांनी त्याच हाताने जोडल्या ना जन्मभर.

पहिला शब्द कोणता आला सांगू? ‘दमलीस’. मी तिथेच पलंगाच्या कडेला बसून इतकी रडले की शेजारीण दार वाजवत आली. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाने मला कधी ‘दमलीस का’ म्हणून विचारलं नव्हतं. चांगला आहे, प्रेमळ आहे, पण तोंडाने काही बोलायचं म्हणजे खिशातले पैसे गेल्यासारखं करायचा. आता रोज काहीतरी सांगतात. खिडकी उघड म्हणतात, रेडिओ दिवसभर राहू दे, सोबत होते म्हणतात. तू माझ्यासाठी किती करतेस, असंही काल म्हणाले.

मला रात्री झोप लागायला लागली आहे. तू आनंद मान एवढंच, प्रश्न विचारू नकोस.

ताई


१५ जानेवारी

ताई,

तुझं पत्र चष्म्याच्या दुकानात आलं. एका म्हाताऱ्यांच्या डोळ्यांसमोर काच धरून मी ते वाचत उभा राहिलो. शेवटी तेच म्हणाले, मला काही दिसत नाही पण तुम्हाला काय झालंय?

आनंद झाला. खरंच झाला, आधी तोच झाला. भाऊजींचा एक शब्द ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं. पण प्रश्न विचारू नकोस हे तू कोणाला सांगतेस? आणि मला ही खोड लावली कोणी? तुला आठवतंय ना, ती बाई त्यांच्या दुकानात रेडिओ घेऊन आली होती, मेलेली सासू ह्यातून बोलते म्हणून? सगळे हसले. भाऊजी हसले नाहीत. दोन दिवस तो रेडिओ मांडीवर घेऊन बसले आणि शोधून काढलं की जवळच्या टॅक्सीवाल्यांचं बिनतारी बोलणं त्यात शिरतंय. मग त्या बाईंना खुर्ची देऊन, चहा देऊन समजावलं. आमचं खातरजमा मंडळ तिथून सुरू झालं. त्यांनी मला ओढलं, स्टेजवरून निवृत्त झालेल्या जादूगारबाईंना ओढलं. पछाडलेली घरं, चुंबकाने बरी होणारी गुडघेदुखी, फोटोवरून रोग सांगणारे, सगळं पाहून झालं.

तेव्हा दोनच गोष्टी विचारतो. बोट अक्षरावर जातं तेव्हा भाऊजी तक्त्याकडे बघतात का? नजर तपासणं हा माझा धंदा आहे, म्हणून विचारतो. न बघता अक्षर टिपणं मला तरी जमणार नाही.

दुसरं म्हणजे त्यांना माझ्याकडून एक प्रश्न विचार. बंद पडलेल्या छापखान्याच्या माळ्यावर रोज पावलं वाजायची, त्या प्रकरणात आवाज शेवटी कशाचा निघाला? ते आम्ही दोघांनीच पाहिलं होतं आणि मालकाला शब्द दिल्यामुळे घरीसुद्धा बोललो नव्हतो. तुला माहीत असायचं कारण नाही. त्यांनी ते लिहिलं तर मी तुझ्या शिक्षिकाबाईंच्या पाया पडेन.

तुझा
चिकट्या


२१ जानेवारी

चिकट्या,

लहानपणी एक प्रश्न धरलास की सोडायचा नाहीस म्हणून आईने तुला हे नाव ठेवलं. तेव्हा गंमत वाटायची.

ह्यांची नजर खिडकीकडे असते. शिक्षिकाबाई म्हणतात, त्यांना कडेच्या नजरेने दिसतं. तुझा छापखान्याचा प्रश्न विचारला. बराच वेळ बोट हललं नाही. मग एकदम भराभर आलं, ‘भावाला सांग, मला तपासू नकोस.’ घे. झालं समाधान?

आता जे आहे ते सगळंच सांगून टाकते, म्हणजे मागून कळल्यावर आकांडतांडव नको. व्यायामाला आणि बोलायला शिकवायला जी मुलगी यायची, तिला मी येऊ नको सांगितलं. ह्यांनीच लिहिलं, ‘ती नको, दुखतं.’ ती हाताला हिसके द्यायची तेव्हा मलाही बघवत नव्हतं. डॉक्टर रागावले, हातपाय आखडतील म्हणाले. पण डॉक्टरांचं ऐकू की ज्याचं अंग आहे त्याचं? आणि मार्चअखेरीस आम्ही इथलं घर बंद करून शिक्षिकाबाईंच्या निवासी केंद्रात जातोय, कायमचं. दुकानाची जागाही सोडणार. तिथे औषधं कमी आणि लेखन जास्त असतं. हेसुद्धा ह्यांनीच ठरवलं आहे, मी नुसता हात धरला.

ताई


२४ जानेवारी

ताई,

‘मला तपासू नकोस’ हे भाऊजी म्हणाले? ज्या माणसाने स्वतःच्या लग्नात जोतिष्याची परीक्षा घेतली, तो? दुसरं काहीही म्हणाले असते तर मी मानलं असतं.

रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. बरोबर जादूगारबाई आहेत. नाही म्हणू नकोस, तू नाही म्हणालीस तरी येणार आहे. दुकान सोडू नकोस, घर सोडू नकोस, कशावरही सही करू नकोस.

चिकट्या


३ फेब्रुवारी

चिकट्या,

मंडळाचा अहवाल मिळाला. छान टाइप केला आहेस. भावाने बहिणीला पाठवलेलं असं पाकीट अजून कोणी पाहिलं नसेल.

मला वाटलं होतं की तू शिक्षिकाबाईंना खोटं पाडायला येतोयस, म्हणून मी खुशाल हो म्हटलं. मी खोटी नव्हते ना. मधे पुठ्ठा उभा केलास. मला दिसेल असं एक चित्र, ह्यांना दिसेल असं एक. दोन्ही सारखीच असतील असं मी धरून चालले. मला किल्ली दिसली, ह्यांच्या बोटाने ‘किल्ली’ लिहिलं, मी हसून तुझ्याकडे बघितलं. तू पुठ्ठा काढलास. ह्यांच्या बाजूला कप होता. मग छत्री लिहिली, ह्यांच्याकडे मासा होता. प्रत्येक वेळी मी पाहिलेलं. प्रत्येक वेळी, चिकट्या. आणि माझ्या हाताला अजूनही शपथेवर वाटतं की मी काही ढकललं नाही.

तुम्ही गेल्यावर मी तक्ता कपाटामागे ठेवला. मग ‘दमलीस’ कोण म्हणालं, ते मला कळलं. मीच म्हणाले. दीड महिना माझी मीच विचारपूस करत होते.

इथपर्यंत तुझं खरं. ते मी गिळलं असतं. पण अहवालाची शेवटची ओळ तू लिहिलीस, ‘रुग्णाला प्रश्न कळतात याचा कोणताही पुरावा नाही, उत्तर देणारं तिथे कोणी नाही.’ कोणी नाही म्हणजे? पलंगावर काय उशी ठेवली आहे? ज्याने तुला दुकानात मांडीवर बसवून सोल्डर करायला शिकवलं, तो कोणी नाही? मी त्यांच्या तोंडी शब्द घातले हा माझा गुन्हा, मान्य. तू त्यांच्यातला माणूसच काढून टाकलास.

रेडिओ दिवसभर लावून ठेवते. घरात शांतता झाली की मला जागेवर बसवत नाही. पत्र लिहू नकोस. केंद्राचं काय ते मी आणि शिक्षिकाबाई बघू.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितोय.

दुकानात लक्ष नाही. काल एका मुलीला तिच्या बापाचा चष्मा देऊन बसलो. फोन केला तर तू उचलत नाहीस. शेजारणीला केला तर ती म्हणते, सामान बांधायला खोकी आणली आहेत. खोकी कशाला आणलीस? तक्ता खोटा ठरला तरी केंद्रात जायचं? दोन ओळी तरी टाक.

चिकट्या


२४ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र फाडायच्या आधी पूर्ण वाच. मग खुशाल फाड.

काल मंडळाची बैठक होती. जादूगारबाईंनी अहवाल माझ्यासमोर आपटला. त्यांचं बोलणं जसंच्या तसं देतो.

“परीक्षेआधी तू काय बोललास? कशाने तुझं मत बदलेल ते आधी मोठ्याने सांगायचं, मग बघायचं. नियम कोणाचा हा?”

“भाऊजींचा.”

“मग त्यांच्याच घरात तो कसा विसरलास?”

खरं कारण असं की मला विसर पडला नव्हता. गरजच वाटली नव्हती. निकाल मी गाडीत बसतानाच बरोबर नेला होता. हात बहिणीचा आहे, एवढं त्या परीक्षेतून सिद्ध झालं. आत कोणी नाही, हे मी माझ्या पदरचं घातलं. एखाद्याला माझा तक्ता वाचता आला नाही म्हणून तो आंधळा ठरत नाही, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो.

पण त्यांचं झालं नव्हतं. म्हणाल्या, “चाळीस वर्षं मी लोकांना एका हाताकडे बघायला लावलं आणि काम दुसऱ्या हाताने केलं. त्या दिवशी तुम्ही दोघं भावंडं उजव्या हातावर तुटून पडला होतात. मी पायथ्याशी बसून डावा बघत होते. परीक्षेसाठी रेडिओ बंद केला तेव्हा त्या हाताची बोटं सैल पडली. परत लावला तशी चादर मुठीत गोळा झाली. येताना गाडीत तुला सांगितलं, तर तू खिडकीबाहेर बघून ‘स्नायूंची हालचाल’ म्हणालास.”

म्हणालो होतो, ताई. आठवतंय. भाऊजी उजव्या हाताचे, म्हणून उजवाच धरला गेला, आणि झटका तर उजव्या अंगालाच आहे. आपल्यापैकी एकालाही हे सुचलं नाही.

आता माझं म्हणणं आधी मोठ्याने सांगतो. डाव्या हाताने, कोणीही न धरता, भाऊजींनी खरं उत्तर दिलं, तर मी अहवाल फाडेन आणि तुझ्या दारात येऊन माफी मागेन. हाताने काही केलं नाही, तर मी एवढंच म्हणेन की मला माहीत नाही. कोणी नाही, असं पुन्हा म्हणणार नाही.

त्यांच्या दुकानाच्या काउंटरवरची, दाबली की टिंग वाजणारी घंटी असेल ना अजून? ती डाव्या हाताखाली ठेव. ‘हो’ असेल तर वाजवा म्हणून सांग. मग छापखान्याच्या माळ्यावरच्या पावलांचं विचार. कबुतरं? सैल पत्रा? पाण्याचा पाइप? शेजारच्या भिंतीला टेकवलेलं शिवणयंत्र? ह्यातलं एक खरं आहे. कोणतं ते तुला माहीत नाही, म्हणजे तू इच्छा असूनही मदत करू शकणार नाहीस. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करून विचार. मी दुकानात तेच करतो. एकच काच दोनदा दाखवतो आणि दुसऱ्यांदा ‘आता बरं की मघाशी?’ विचारतो. माझं मन राखायला हो म्हणणारी माणसं तिथे सापडतात. तसंच एरवीही कर, ‘हवं का’ विचारलंस की थोड्या वेळाने ‘नको का’ विचार. दोन्हीला घंटी वाजली तर काही धरू नकोस.

आणि व्यायामाच्या त्या मुलीला बोलाव, मी हात जोडतो.

चिकट्या


९ मार्च

चिकट्या,

पत्र फाडलं होतं. मग चिकटपट्टीने जोडलं.

आमचं म्हणणंही ऐक, कारण मीही आधी मोठ्याने बोलले, शेजारणीला साक्षीला बसवून. म्हटलं, घंटी वाजली नाही तर मी तक्ता परत बाहेर काढणार आणि केंद्रात जाणार. खोट्या बोलण्यावर जगेन, पण ह्या घरात मुकी राहणार नाही. शेजारीण घाबरलीच.

घंटी पोटमाळ्यावर सापडली, धुळीने गच्च झालेली. पुसून हाताखाली ठेवली. हात लावायचा नाही म्हणून मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. ‘तुम्हाला माझं बोलणं कळतं का?’ काही नाही. नुसती बोटं थरथरली. परत विचारलं, तरी काही नाही. मग माझाच धीर सुटला. उठले आणि सवयीने रेडिओ लावला. तर पाठीमागे टिंग.

मी वळले. ‘रेडिओ बंद करू?’ टिंग. बंद केला. थोड्या वेळाने, तुझ्या नियमाप्रमाणे, ‘लावू का परत?’ घंटी नाही. ‘बंदच राहू दे?’ टिंग!

अरे, तो रेडिओ स्टेशनवर नीट लागलेला नाही. बारीक खरखर आहे त्यात. मला ऐकूच येत नव्हती, शेजारणीने कान लावून सांगितलं. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाच्या उशाशी मी दोन महिने खरखर लावून ठेवली, आणि वर त्याच्याच तोंडून ‘राहू दे, सोबत होते’ म्हणवून घेतलं. सोबत मला हवी होती.

मी हसले किती आणि रडले किती, सांगता येत नाही. तक्त्यावर ते मला कधी नाही म्हणाले नव्हते रे. जे माझ्या मनात तेच बोटात. हा माणूस मला नाही म्हणाला, तेव्हा माझी खात्री पटली की खोलीत मी एकटी नाही.

तुझा छापखाना दोन दिवस विचारला, सरळ आणि उलट. दोन्ही दिवशी घंटी शिवणयंत्रावर वाजली. बरोबर का चूक ते कळव.

मुलीला बोलावलं. ‘ती नको का?’ विचारलं तर घंटी वाजली नाही, ‘ती हवी का?’ म्हटल्यावर वाजली. पहिल्याच दिवशी तिने डाव्या हाताला इतका व्यायाम दिला की हे चक्क तिच्यावर डोळे वटारत होते. केंद्राचं विचारलं तेव्हा घंटी गप्प. ‘इथेच राहायचं?’ तर एवढ्या जोरात दाबली की घंटी खाली पडली. खोकी शेजारणीला देऊन टाकली. शिक्षिकाबाईंना कळवलं. त्या रडल्या. त्या लबाड नाहीत रे, त्यांनी आपल्या मुलाचाच हात धरून सुरुवात केली होती. त्यांच्यावर अहवाल लिहिलास तर सांभाळून लिही.

आता एक गोष्ट, जी मंडळासाठी नाही. काल विचारलं, तक्त्यावरचं सगळं मीच लिहिलं होतं ना? टिंग. ते अपेक्षितच होतं. मग न राहवून विचारलं, ‘पण त्यातलं, मी दमले ते, मी तुमच्यासाठी खूप केलं ते, ते तुमच्याही मनात आहे का?’

बराच वेळ काही नाही. मी उठायच्या बेतात होते. आणि वाजली, अगदी हलकी. हात थकून पडला असेल घंटीवर, तसंही होतं संध्याकाळी.

नियमाप्रमाणे उलटा प्रश्न विचारायला हवा होता. मी नाही विचारला. तू म्हणशील, ताई, ही खातरजमा नव्हे. नसू दे.

ताई


१३ मार्च

ताई,

शिवणयंत्रच होतं. तुझं पत्र हातात होतं आणि मी दुकान उघडं टाकून रस्त्यावर फेऱ्या मारत होतो. लोकांना वाटलं, चोरी झाली.

अहवाल फाडला. शनिवारी येतो, माफी मागायला आणि त्या रेडिओची खरखर काढायला. भाऊजींनी घंटी वाजवून सांगायचं, मी पेच फिरवायचा. जादूगारबाईही येतायत. त्यांना डाव्या हाताशी हस्तांदोलन करायचं आहे.

उलट्या प्रश्नाचं वाचलं. माझ्या तोंडात आलाच होता. तुझ्या घरी आल्यावर, तू चहा ठेवायला गेलीस की मी हळूच विचारला असता, एवढा मी स्वतःला ओळखतो. म्हणून आधीच लिहून कळवतो, शब्द दिला म्हणजे पाळावा लागेल. नाही विचारणार.

आईला सांगायला हवं होतं, तिच्या चिकट्याने एक प्रश्न सोडला.

चिकट्या